बन्सी येसकराची जबानी

म्हाळू बन्सी रणपिसे शिरूरच्या दिवाणी कोर्टात एकतीस वर्षं शिपाई होते. त्यातली सव्वीस वर्षं त्यांची नेमणूक रेकॉर्डरूममध्ये होती. रेकॉर्डरूम म्हणजे कोर्टाच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. लोखंडी मांडण्या, एकच झरोका, आणि मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले निकाली दाव्यांचे गठ्ठे. या गठ्ठ्यांना दप्तरात रुमाल म्हणतात. कुठला रुमाल कुठं आहे हे म्हाळूआप्पांना डोळे मिटून सांगता यायचं. वकील लोक साहेबांना विचारायच्या आधी त्यांनाच विचारत.

त्यांना मोडी वाचता यायची. शिपायाला मोडी येते याचं नव्या माणसाला नवल वाटे. नोकरीला लागले तेव्हा रेकॉर्ड सांभाळायला पाबळकडचे एक म्हातारे कारकून होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कुणी जुन्या कागदाची नक्कल मागितली की त्यांची पंचाईत होई. त्यांनी म्हाळूआप्पांना जवळ बसवून अक्षरं शिकवली. पहिले काही महिने ते कागद जमिनीवर ठेवत आणि म्हाळूआप्पांनी तो उचलून वाचायचा. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ते कागद सरळ हातात देऊ लागले होते. 

एवढ्या वर्षांत म्हाळूआप्पांनी शेकडो रुमाल सोडले असतील. पण तिसऱ्या मांडणीवरच्या एका रुमालाला त्यांनी झटकण्यापलीकडे कधी हात लावला नाही. सन १९१९ चा दावा. कोंडी रामजी गव्हाणे विरुद्ध बाळाजी गव्हाणे, दोघेही राहणार न्हावरे. त्या दाव्यात म्हाळूआप्पांच्या वडिलांची साक्ष झाली होती.

वडील, बन्सी, न्हावऱ्याचे येसकर होते. गावाची वेस राखायची, सांगावा न्यायचा, दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला पोचवायचं, ही कामं त्यांच्याकडे. दावा झाला तेव्हा म्हाळूआप्पा सात वर्षांचे होते. त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच, की बन्सी येसकरानं कोर्टात खोटी साक्ष दिली, तिच्यावर एका पोरक्या पोराची आठ एकर जमीन गेली, आणि साक्षीबद्दल बन्सीच्या घरी दोन पोती जोंधळा उतरला. जोंधळा आला होता, हे तर म्हाळूआप्पांनी स्वतः पाहिलं होतं. बाळाजी गव्हाण्यांच्या गाडीतूनच आला होता. तो मागच्या सालाचा राहिलेला बलुत्याचा जोंधळा आहे असं वडील म्हणत. गावानं ते ऐकून घेतलं आणि मानायचं तेच मानलं. ‘जोंधळ्याचा साक्षीदार’ असं नाव पडलं. पोरं म्हाळूआप्पांच्या मागं लागून तेच ओरडत. त्यांची बहीण ताईबाई त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तिला पाणवठ्यावर ऐकून घ्यावं लागे.

वडील १९३१ साली वारले. शेवटच्या आजारपणात ते एकदा म्हणाले होते, “मी बघितलं त्येच बोललो.” म्हाळूआप्पांनी मान डोलवली होती. पण मनातून खात्री नव्हती. गरीब माणूस, मालकाचं ऐकावं लागणारा माणूस. त्यानं काय बोलायचं हे त्याच्या हातात असेलच असं नाही, हे त्यांना मोठेपणी फार चांगलं कळलं होतं. म्हणून तो रुमाल त्यांनी सोडला नाही. सोडला असता तर खरंखोटं काहीतरी एकच उरलं असतं.

१९७२ साली ते निवृत्त झाले. तेव्हापासून ते शिरूरमध्येच, बायको सोजरबाईंबरोबर, दोन खोल्यांच्या घरात राहत होते. १९७४ च्या मार्चमध्ये एका सकाळी न्हावऱ्याचे मारुतराव गव्हाणे त्यांच्या दारात मोटारसायकल लावून उभे राहिले. मारुतराव म्हणजे त्या बाळाजींचे नातू. पन्नाशीचे, ऊसवाले, सोसायटीत वजन असलेले. मागच्या सीटवरून त्यांची मुलगी रंभा उतरली.

“म्हाळू रणपिसे इथंच राहत्यात का?” मारुतरावांनी विचारलं.

“मीच. या, बसा.”

मारुतराव बाजेवर बसले. रंभा सोजरबाईंजवळ आत गेली.  मग त्यांनी सांगितलं ते असं.

रंभाचं लग्न दौंडच्या न्हावरकरांच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा अंकुश, रेल्वेत फिटर. वडील ज्ञानदेव न्हावरकर, दौंडच्या वेशीबाहेर थोडी शेती आणि दोन म्हशी. माणसं साधी, मुलगा निर्व्यसनी. त्यांचे पूर्वज कधीकाळी न्हावऱ्याचे म्हणून आडनाव न्हावरकर पडलं, एवढं माहीत होतं. न्हावऱ्यात घराणी काय थोडी आहेत, त्यातलं कुठलंतरी असेल, असं धरून कुणी खोलात गेलं नाही. सुपारी फोडायला मंडळी बसली. मारुतरावांचे चुलते हौसरावआबा, वय सत्तरीला टेकलेलं, सहज म्हणून ज्ञानदेवांना विचारते झाले, “तुमच्या वडलांचं नाव काय?”

“कोंडिबा.”

“आन् त्यांच्या वडलांचं?”

“रामजी.”

हौसरावआबांनी हातातली सुपारी खाली ठेवली. रामजी म्हणजे त्यांचे सख्खे चुलते, बाळाजींचे भाऊ. आणि कोंडिबा म्हणजे तोच कोंडी, ज्यानं रामजीच्या जमिनीसाठी दावा लावला आणि तो हरून गाव सोडून गेला. म्हणजे नवरा मुलगा आणि नवरी मुलगी एकाच भावकीतले. नात्यानं बहीणभाऊ.

“पण दाव्यात तर ठरलं हुतं ना,” म्हाळूआप्पा हळू म्हणाले, “की कोंडी रामजीचा न्हाई म्हणून.”

“ठरलं हुतं. आबा म्हणत्यात, त्येच तर घोळ हाय. आमच्या आज्यानं कोर्टात सांगितलं की पोरगं रामजीचं न्हाई. आन् जमीन मिळवली. आबांना आयुष्यभर वाटत आलंय की बापानं जमिनीपायी खोटं केलं. खोटं केलं असंल तर कोंडी आमचाच. मग हे लगीन कसं व्हायचं? आन् खरं असंल तर कसलीच अडचण न्हाई.” मारुतरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “कोर्टात जाऊन आलो. कागद हायत. निकाल इंग्रजीत, एका पानाचा. साक्षी सगळ्या मोडीत. तिथला कारकून म्हणाला, वाचणारा आता एकच माणूस हाय.”

ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. “साक्ष तुमच्या वडलांची हाय, ठावं हाय मला. पर दुसरा कोण वाचणार?”

म्हाळूआप्पांनी चष्म्याचं कारण सांगितलं. नंबर बदललाय, नवा चष्मा पुण्याहून यायचाय, आठ दिवस लागतील. चष्मा खिशातच होता.

निघताना रंभा उंबऱ्यात थांबली. ती अकरावी पास झालेली, शांत मुलगी होती. “आप्पा,” ती म्हणाली, “जे असंल त्येच वाचा. लगीन व्हावं म्हणून काय वेगळं सांगू नका. जन्मभर मनात राहील.”

मोटारसायकल गेल्यावर सोजरबाई म्हणाल्या, “चष्मा तर खिशात हाय तुमच्या.”

“हाय.”

“मग?”

 दोन दिवस ते घरातच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी एसटीनं न्हावऱ्याला गेले. ताईबाई लवकर विधवा होऊन माहेरी परतली होती आणि वडिलांच्याच घरात राहत होती. सहासष्ट वर्षांची, पाठीत वाकलेली, पण अजून रोजानं कांदा काढायला जायची. म्हाळूआप्पांनी तिला सगळं सांगितलं. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. पाखडणं थांबलं नाही.

“इतकी वर्सं तुझ्या हाताखाली कागद हुता,” ती म्हणाली, “आन् तू बघितला न्हाईस.”

“भ्या वाटायचं.”

“मलाबी वाटायचं तू बघशील म्हणून.” तिनं सुपातला खडा काढून बाहेर टाकला. “आता वाच. पोरीचा जीव टांगणीला लागलाय. पर एक कर. खोटं निघालं तर मला सांगाय येऊ नको. मी समजून घीन.”

दुसऱ्या दिवशी म्हाळूआप्पा कोर्टात गेले. नवा कारकून त्यांना मानायचा. त्यानं टेबल झरोक्याखाली ओढून दिलं. न्हावऱ्यातूनच निरोप दिल्याप्रमाणे मारुतराव येऊन समोर बसले. म्हाळूआप्पांनी गाठ सोडली, आधी दाव्याची अर्जी, मग कैफियत, मग साक्षी, असं सवयीनं एकेक बाजूला ठेवलं आणि वडिलांच्या नावाचा कागद पुढं घेतला. अक्षर कोर्टाच्या लेखकाचं, घाईचं पण स्वच्छ. ते मोठ्यानं वाचू लागले.

नाव बन्सी बिन धोंडू. जात महार. वय सुमारे पंचेचाळीस. धंदा येसकरकी. राहणार न्हावरे. शपथेवर सांगतो की, रामजी तरुणपणी दौंड येथे रेल्वेच्या यार्डात हमाली करीत होता. तेथे चार-पाच वर्षे होता. त्याने तेथे एका विधवेशी पाट लावल्याचे समजल्यावर त्याच्या बापाने त्यास घेऊन येण्यास मला गाडीबरोबर पाठविले. त्यास सुमारे वीस वर्षे झाली. दौंडाहून निघालो तेव्हा गाडीत रामजी, त्याची बायको पार्वती व तिच्या कडेवर एक मूल होते. मूल दीड वर्षांचे असेल. वाटेत बाभूळथडी गावी बाईने गाडी थांबविण्यास सांगितले. तेथे थोरवे यांचे घरी बाई मुलास घेऊन गेली. मी दारात बाहेर उभा होतो. घरातील म्हातारीने मुलाची दृष्ट काढली व ती रडू लागली. ती म्हणाली, माझ्या सदूची एवढीच खूण आहे, उन्हातान्हात नेऊ नको. बाई म्हणाली, नीट वाढवीन. सदू थोरवे हा बाईचा पहिला नवरा. तो प्लेगाने मेला असे मला गाडीत रामजीनेच सांगितले. रामजीने मला शपथ घातली की गावात हे बोलू नको, मुलगा माझाच म्हणून वाढवायचा आहे. म्हणून आजवर मी कोणास बोललो नाही.

मग उलटतपास. प्रतिवादीकडून तुला धान्य मिळाले हे खरे काय. उत्तर, मिळाले. ते बलुत्याचे, मागील सालचे होते. तू गरीब आहेस व प्रतिवादीच्या म्हणण्याप्रमाणे सांगत आहेस. उत्तर, गरीब आहे. जे पाहिले ते सांगत आहे. शपथ मोडल्याचे मला वाईट वाटते. परंतु कोर्टाने विचारल्यावर खोटे कसे सांगू.

खाली अंगठा होता. शाई जास्त लागल्यामुळे रेषा बुजलेल्या.

म्हाळूआप्पा वाचायचे थांबले.  वडील असं बोलले होते, सलग, कुणाच्या धाकात नसल्यासारखे, हे त्यांना माहीतच नव्हतं. रामजीनं शपथ घातली होती, हेही वडिलांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. मोडलेल्या शपथेची आणखी चर्चा नको म्हणूनच सांगितलं नसेल.

मारुतरावांचा चेहरा उजळला. “म्हंजी झालं. रक्त येगळं हाय.”

पण झालं नव्हतं. ते दोघं पुढच्या गुरुवारी एसटीनं दौंडला ज्ञानदेव न्हावरकरांकडं गेले तेव्हा ते कळलं. ज्ञानदेव बावन्न वर्षांचे, उंच, कमी बोलणारे. ओसरीत घोंगडी टाकली, पाणी दिलं. मारुतरावांनी साक्षीत काय लिहिलंय ते सांगितलं. ज्ञानदेवांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हीच ती साक्ष. माझा बाप भावकीचं नाव कधी तोंडातनं काढीत नव्हता, म्हणून ती भावकी म्हंजी तुमीच, ह्ये मला सुपारीपतुर ठावं नव्हतं; पर मरूस्तवर ह्या साक्षीच्या नावानं बोटं मोडीत हुता. म्हणायचा, एका येसकराला जोंधळा चारून मला बिनबापाचा केला. आता त्योच कागद मला पुरावा म्हणून दावताय व्हय? आबांना तरी पटंल का?”

 ज्ञानदेवांचं बोलणं वावगं नव्हतं. ज्या साक्षीवर संशय होता, तीच पुन्हा पुढं करून संशय कसा जाणार?

“हे कोण?” ज्ञानदेवांनी म्हाळूआप्पांकडं पाहत विचारलं.

“मी म्हाळू रणपिसे. त्या येसकराचा मुलगा.”

 आतल्या चुलीपासून कस्तुराबाई, ज्ञानदेवांची बायको, पदर सावरून दाराशी आली होती. अंकुश खांबाला टेकून उभा होता. ज्ञानदेव उठून उभे राहिले. आता आपल्याला जायला सांगणार असं म्हाळूआप्पांना वाटलं, म्हणून ते आधीच बोलले.

“तुमच्या वडलांनी बोटं मोडली, आन् आमी गावात मान खाली घालून ऱ्हायलो. दोघांचं बी एकाच कागदापायी. बाप खोटा हुता का खरा, मला अजून ठावं न्हाई. तुमच्याइतकंच मलाबी कळायला पायजे. कागदात गावाचं नाव हाय, बाभूळथडी. हितनं सहा मैल. तिथं सदू थोरवे नावाचा माणूस हुता का, त्याची बायको कुठं गेली, त्याला पोरगं हुतं का, ह्ये त्या गावच्या जुन्या दप्तरात असंल. दप्तर हितंच, तहसील कचेरीत हाय. वारस म्हणून अर्ज तुम्हांला करावा लागंल. वाचीन मी. न्हाई निघालं, तर बाप खोटा हुता असं तुमच्यासमोर माझ्या तोंडानं म्हणीन. आन् लगीन मोडा.”

ज्ञानदेव पुन्हा घोंगडीवर बसले. मग अंकुशला म्हणाले, “कागद-पेन आन.”

अर्जाला आठवडा लागला. कचेरीतल्या कारकुनानं बाभूळथडीची जुनी दप्तरं शोधायला चार दिवस घेतले आणि तीही अर्धीच सापडली. जन्ममृत्यूचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, हव्या त्या सालाची पानंच नव्हती. म्हाळूआप्पांनी ते मिटून ठेवलं. मारुतराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ज्ञानदेव बाकावर तसेच बसून होते.

“आणखी काय असंल?” त्यांनी विचारलं.

“हक्कनोंदणीचं बुक असंल,” म्हाळूआप्पा म्हणाले. “जमिनी पहिल्यांदा नावावर चढवल्या तवाचं. तलाठी दारोदार जाऊन विचारायचा, मूळ मालक कोण, मेला कवा, वारस कोण. साल बारा-तेराचं असंल.”

कारकुनानं कपाटाच्या तळातून एक जाड बुक काढून दिलं. कडा कुरतडलेल्या, पण मजकूर शाबूत. म्हाळूआप्पा बोट फिरवत एकेक नोंद वाचत चालले. मांडवकर, शिंदे, कुणी साळी, कुणी मुलाणी. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या. बाहेर रेल्वेचं इंजिन शंटिंग करत होतं, त्याच्या धक्क्यानं खिडकीची काच थरथरे. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी ती नोंद आधी मनात वाचली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि मोठ्यानं वाचली.

नोंद सन १९१३ ची होती. मूळ कबजेदार सदू बिन हरी थोरवे प्लेगाचे आजाराने मयत. त्याची बायको पार्वती हिने दौंड मुक्कामी रामजी गव्हाणे, राहणार न्हावरे, तालुका शिरूर, याजबरोबर पाट लावला. मुलगा कोंडी, वय सोळा, आईजवळ न्हावरे येथे आहे. जमीन भाऊ गणू बिन हरी वहिवाटतो. नोंद कायम.

“साल काय म्हणालात?” ज्ञानदेवांनी विचारलं.

“तेरा.”

“आन् दावा?”

“एकोणीसचा. सहा वर्सांनी.”

ज्ञानदेवांनी तोंडावरून हात फिरवला. दावा लागायच्या सहा वर्षं आधी, दुसऱ्या तालुक्यात, गव्हाण्यांचा कसलाही संबंध नसलेल्या एका तलाठ्यानं लिहून ठेवलेलं होतं. ते कुणी जोंधळा देऊन लिहून घेतलेलं असणं शक्य नव्हतं.

“म्हंजी माझ्या बापाला त्याच्या आईनं सांगितलंच न्हाई,” ते म्हणाले.

“सांगितलं नसंल. रामजीनं पोटच्यावाणी वाढवला त्याला. आन् मग साथीत दोघं एका आठवड्यात गेली. सांगायला कुणी उरलंच न्हाई.”

“आन् त्यो बिचारा न्हावरकर म्हणून मेला.” ज्ञानदेवांच्या आवाजात रागापेक्षा थकवा होता, आणि थकव्याच्या खाली काहीतरी सैल होत चाललं होतं. बावन्न वर्षं ज्या गोष्टीचा राग धरला होता ती घडलीच नव्हती. कुणी त्यांच्या बापाला लुबाडलं नव्हतं. कोंडिबाला एक बाप होता, त्याचं नाव बुकात होतं, गाव सहा मैलांवर होतं.

म्हाळूआप्पा मात्र बुकावर हात ठेवून नुसते बसले होते. त्यांना हसू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते नोंदीखालची सही वाचत असल्यासारखं करत होते.

त्याच दुपारी तिघं बाभूळथडीला गेले. थोरव्यांचं घर विचारत विचारत सापडलं. गणू थोरव्यांची सून शेवंताबाई, पंचाहत्तरीची, अंगणात लिंबाखाली बसली होती. ज्ञानदेवांनी सांगायला सुरुवात केली तशी तिनं मध्येच विचारलं, “न्हावऱ्याला गेल्याला कोंडीचा तू?”

“तुम्हांला ठावं हाय?”

“सासू सांगायची. आमचं एक लेकरू न्हावऱ्याला हाय म्हणायची. दरसाली नव्या जोंधळ्याची भाकरी केली का एक बाजूला ठिवायची. लई वर्सं ठिवली. मग म्हातारी गेली, ऱ्हायलं.” तिनं ज्ञानदेवांना जवळ बोलावून त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, आणि घरात हाक मारून चहा ठेवायला सांगितला. जमिनीचा विषय तिच्या मुलानं, बिचकतच, काढला. ज्ञानदेव म्हणाले, “जमीन मागाय आलो न्हाई. लग्नाला या, भावकी म्हणून उभं ऱ्हावा. मला भावकीच नव्हती आजपतुर.”

परतताना मारुतराव म्हाळूआप्पांना आप्पा म्हणू लागले होते. कधीपासून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एसटीत ते तीनदा म्हणाले, “आप्पा, सुटलो बघा.” आणि तिसऱ्या वेळेला मान खिडकीला टेकवून झोपले.

न्हावऱ्याच्या फाट्याला म्हाळूआप्पाही उतरले. उन्हं कलली होती. ताईबाई दाराशी बसून चिंचा फोडत होती. भाऊ रस्त्यानं येताना दिसला तेव्हा तिचा हात थांबला. तो आला होता, म्हणजे सांगायला आला होता. म्हाळूआप्पा तिच्याजवळ जमिनीवरच बसले.

“खरं हुतं?” तिनं विचारलं.

“सगळं. अक्षर न् अक्षर. बुकात निघालं.”

“बाबा काय म्हणले हुते कागदात?”

त्यांनी आठवेल तसं सांगितलं. गाडी, बाभूळथडी, म्हातारी, दृष्ट. गरीब आहे, जे पाहिले ते सांगत आहे, या वाक्याशी आले तेव्हा ताईबाई म्हणाली, “ह्ये पुन्यांदा सांग.” त्यांनी पुन्हा सांगितलं. ती पदर तोंडाला लावून रडली, फार वेळ नाही. मग उठून आत गेली आणि शेजारच्या गिताबाईला भिंतीवरून हाक मारून म्हणाली, “गिताबाय, ये गं जरा. माझ्या बाची साक्ष ऐकाय ये.” त्या संध्याकाळी बुद्धवाड्यातली निम्मी माणसं त्या ओट्यावर येऊन ऐकून गेली. म्हाळूआप्पांना ती पाच-सहा वेळा सांगावी लागली.

लग्न वैशाखात न्हावऱ्यात झालं. हौसरावआबांनी पंगत बसायच्या आधी मांडवात उभं राहून सगळ्या गावासमोर सांगितलं की बन्सी येसकर खरं बोलला होता, आणि आमच्या घरात आणि गावात त्याला जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. त्यांना भाषणाची सवय नव्हती. दोनच वाक्यं झाली, तीही अडखळत. आपल्या बापानं खोटं केलं नव्हतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी ते पोटभर जेवले असं घरचे सांगतात. ताईबाई पहिल्या पंगतीला बसली. बाभूळथडीहून एक ट्रॅक्टरभर थोरवे आले होते. शेवंताबाईनं नवऱ्या मुलाला हळद लावली.

त्यानंतर म्हाळूआप्पांकडं माणसं येऊ लागली. कुणाला पणज्याचं नाव हवं असे, कुणाला सोडून आलेलं गाव. कोर्टातल्या नक्कलफीच्या पावतीपलीकडं ते कुणाकडून काही घेत नसत. आठवड्यातून दोन दिवस ते चष्मा लावून झरोक्याखालच्या टेबलाशी बसत, आणि काही सापडेना झालं की समोरच्या माणसाला म्हणत, “थांबा, अजून एक बुक असंल.”